हिरड्या झोंबतात म्हणून वाढवलेली गोळी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ५६ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तपासणीत जे दिसलं ते आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. तेव्हापासून रोज अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ, कोलेस्टेरॉलची एक गोळी आणि रक्तदाबासाठी अ‍ॅमलोडिपिन. घर शाकाहारी. तंबाखू, मशेरी, सुपारी काही नाही. वर्षभरापूर्वी रक्तातली साखर काठावर आली आणि त्यांनी स्वतःच आहार बदलला: दिवसातून दोनदाच जेवण, मधल्या वेळी काही नाही. आधी आंबा-चिकू बंद झाले, मग केळी, आणि पुढे पेरू-संत्र्यांसकट सगळीच फळं. भाज्या व्हायच्या त्या कुकरच्या तीन-चार शिट्ट्यांच्या. कच्चं असं ताटात जवळपास काही उरलं नव्हतं.

सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू-मध आणि त्यानंतर लगेच ब्रश, हा क्रम मात्र त्यांनी कधी चुकवला नव्हता.

तक्रार

"डॉक्टर, हिरड्या इतक्या सेन्सिटिव्ह झाल्यात की आमटीसुद्धा घशाखाली जात नाही."

या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी होत्या, आणि त्या सुट्या करणं हेच पहिलं काम होतं. उजव्या बाजूला खालच्या हिरडीला तिखट-आंबट झोंबायचं. गार पाण्याची चूळ भरली की दोन्ही बाजूंना कळ जायची. आणि ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसायचं. झोंबणं हे त्वचेसारख्या पातळ आवरणाचं दुखणं. गार पाण्याची कळ हिरडीची नसते, दाताच्या मुळाची असते: हिरडी खाली सरकली की मूळ उघडं पडतं, त्यातल्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव गार पाण्याने हलतो आणि आतल्या नसेला ते कळतं. रक्त येणं हे बहुतेक वेळा दात आणि हिरडीच्या सांध्यात साठलेल्या जिवाणूंच्या थराने आलेल्या सुजेचं लक्षण. तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात. रुग्णाला मात्र एकच आजार जाणवतो आणि तो त्यावर एकच उपाय शोधतो.

बाईंनी तो शोधला होता. "हिरड्यांतून रक्त म्हणजे सी जीवनसत्त्व कमी" हे त्यांना शाळेपासून पाठ होतं, वर्गात शिकवूनही झालं होतं. करोनाच्या काळात सुरू केलेली ५०० मिग्रॅची नारिंगी गोळी त्या रोज एक घेतच होत्या. रक्त दिसल्यावर त्यांनी ती तीनवर नेली. झोंबायला लागल्यावर कापसाच्या बोळ्याने लवंगेचं तेल लावलं. तेही झोंबायला लागलं, तेव्हा त्या बाजूला ब्रश फिरवणं सोडून दिलं.

तपासणीत काय दिसलं

खालच्या उजव्या दाढांच्या गालाकडच्या हिरडीवर साधारण बोटाच्या पेराएवढा भाग लाल, सोललेला, कडेला पांढुरका. डाव्या बाजूला तसं काहीच नाही. दात-हिरडीच्या सांध्यात सळई हलकेच फिरवल्यावर तपासलेल्या जागांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागी रक्त आलं. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की आम्ही त्याला हिरड्यांची सूज म्हणतो आणि तीस टक्क्यांपुढे ती तोंडभर पसरलेली धरतो. दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली बहुतेक जागी ३ मिमीच्या आत, म्हणजे ठीक. मागच्या दोन दाढांपाशी ५ मिमी. खालच्या पुढच्या दातांमागे कीटण जमलेलं. काही दातांची मुळं उघडी पडलेली. जीभ जरा जास्तच गुळगुळीत.

अ‍ॅमलोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात, दातांमधली टोकं फुगून येतात. ते इथे नव्हतं. स्कर्व्हीची, म्हणजे सी जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराची, इतर चिन्हंही नव्हती: अंगावर निळे-जांभळे डाग नाहीत, केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके नाहीत, दात हलत नाहीत.

सी जीवनसत्त्वाचा आणि हिरड्यांचा संबंध खराच आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातल्या शल्यचिकित्सकाने सॅलिसबरी जहाजावरच्या बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री-लिंबं मिळालेले दोघे सगळ्यांत लवकर सुधारले. हिरडीला दाताशी बांधून ठेवणारे कोलाजेनचे धागे सतत नवे तयार होत असतात आणि सी नसेल तर ते कच्चे राहतात. पण स्कर्व्हीचं रक्त सी मिळाल्यावर काही दिवसांत कमी व्हायला लागतं. या बाई कित्येक आठवडे रोज १५०० मिग्रॅ घेत होत्या आणि तक्रार वाढतच होती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीची रोजची गरज ६५ मिग्रॅ आहे. सीच्या कमतरतेचा तर्क इथेच संपला होता. बाईंना हे आकड्यांत मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी ते लगेच मान्य केलं.

गोळ्यांची पिशवी

"कोणती औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला त्यांनी तीन नावं सांगितली. "आणखी काही?" "नाही."

बोलताबोलता घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी पर्समधून एक नारिंगी गोळी काढली आणि उजव्या गालात ठेवली.

सोललेली जागा नेमकी तिथेच होती. वर्गात सलग तास घेताना घसा ओला राहावा म्हणून त्या ही गोळी चावून खाण्याऐवजी गालात धरून हळूहळू विरघळवत असत. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल हे शेवटी आम्लच आहे. एकाच जागी रोज बराच वेळ हिरडीला टेकून राहिलं तर ती जागा भाजते. दुखऱ्या दाताशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरल्यावर असाच पांढरा, सोललेला डाग पडतो, तो दंतवैद्यांच्या ओळखीचा आहे. वर लवंगेचं तेल: न पातळ केलेलं हे तेल नाजूक आवरणाला स्वतःच भाजतं.

दुसऱ्या दिवशी त्या घरातून सगळं पिशवीत घालून घेऊन आल्या. केस गळतात म्हणून ४०० मिग्रॅची ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल, रोज एक. भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या माशाच्या तेलाच्या मोठ्या कॅप्सूल (घर शाकाहारी असलं तरी "औषध म्हणून" चालतं). हळदीच्या अर्काच्या गोळ्या. कॅल्शियम. यातलं काहीच त्यांनी लपवलं नव्हतं. डॉक्टरने लिहून दिलेलं ते औषध आणि आपण आणलेलं ते "ताकदीचं", अशी विभागणी बहुतेक घरांत असते. म्हणून "औषधं कोणती?" या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक असूनही अर्धवट येतं.

ई जीवनसत्त्वाकडे माझं लक्ष जास्त गेलं. मोठ्या मात्रेत ते रक्त गोठवणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं आणि बिंबिकांचं, म्हणजे रक्तातल्या गुठळी बांधणाऱ्या कणांचं, चिकटणंही कमी करतं. अ‍ॅस्पिरिन तेच दुसऱ्या वाटेने करतं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या मध्यमवयीन-वयस्क पुरुषांना रोज ५० मिग्रॅ ई देऊन मोठा अभ्यास झाला होता. त्यातल्या एका गटाच्या हिरड्या तपासल्या तेव्हा ई आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांमध्ये रक्त येण्याचं प्रमाण जास्त आढळलं. ते पुरुष होते, धूम्रपान करणारे होते, त्यामुळे तो निष्कर्ष या बाईंवर जसाच्या तसा लावता येत नाही. पण बाईंची मात्रा त्यांच्या आठपट होती. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी घातलेली वरची मर्यादा ३०० मिग्रॅ आहे. माशाचं तेल आणि हळदीचा अर्क यांचाही रक्त गोठण्यावर थोडा परिणाम होऊ शकतो, विशेषतः अ‍ॅस्पिरिनच्या जोडीने.

एक गोष्ट मी त्यांना तेव्हाच स्पष्ट सांगितली: यातली कुठलीही कॅप्सूल हिरडीला सूज आणत नाही. सूज आणतो तो दातावरचा थर. सुजलेल्या हिरडीतून किती रक्त यावं, एवढं फार तर या कॅप्सूल वाढवू शकतात.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात धोक्याचा पर्याय बाईंनी स्वतःच आणला होता. शेजारच्या एका वहिनींनी सांगितलं होतं, "रक्त पातळ करायची गोळी थोडे दिवस बंद करा, बघा रक्त थांबतं की नाही." दुसऱ्या सोमवारपासून त्या अ‍ॅस्पिरिन सोडणार होत्या. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळीची नळी) असलेल्या माणसाने ही गोळी मनाने सोडली तर रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. बेसिनमधल्या रक्ताची भीती डोळ्यांना दिसते आणि गुठळीची दिसत नाही, म्हणून ही चूक इतकी सहज होते. दात साफ करण्यासाठीही अ‍ॅस्पिरिन थांबवावं लागत नाही. गॉज दाबून धरलं की रक्त थांबतं. यावर चर्चेला जागाच ठेवली नाही.

दुसरा पर्याय: अ‍ॅस्पिरिन सोडून बाकी सगळं एकदम बंद करायचं आणि त्याच दिवशी दातही साफ करायचे. आराम लवकर पडला असता. पण कशाने पडला ते कळलं नसतं, आणि महिन्याभराने एकेक डबी पुन्हा उघडली असती.

तिसरा: सोललेल्या जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवणं. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये तिखट झोंबणारी, सोललेली हिरडी म्हणजे लायकेन प्लॅनस (तोंडाच्या आवरणाला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) किंवा त्वचेचे काही विकार असू शकतात, आणि ते निसटले तर नुकसान मोठं. मात्र या बाईंच्या तोंडात पांढऱ्या रेषांची जाळी कुठेच नव्हती, डाग एकाच बाजूला होता आणि त्याचं कारण डोळ्यांसमोर गालात ठेवलेलं होतं. कारण काढून दोन आठवडे थांबायचं, तेवढ्यात जागा भरली नाही तर तुकडा तपासायचाच, असं ठरलं. तारीख वहीत लिहून ठेवली. अशा ठिकाणी "बघू पुढे" म्हणणं मला मान्य नाही. थांबायचं तर कधीपर्यंत, ते आधी ठरलेलं हवं.

रक्तातलं सी जीवनसत्त्व मोजण्याचा विचार सोडून दिला. इतक्या गोळ्या चालू असताना त्या आकड्याला अर्थ नव्हता. बिंबिकांची संख्या, हिमोग्लोबिन, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि बी-१२ या तपासण्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घेतल्या.

काय केलं

पहिल्या भेटीत तीन गोष्टी एकदम थांबवल्या: गालात धरायची गोळी, लवंगेचं तेल आणि लिंबूपाण्यावर लगेच ब्रश. तिन्ही आम्लाची किंवा भाजणारी, आणि एकीचाही उपयोग होत नव्हता, म्हणून यांना एकेक करून तपासत बसण्यात अर्थ नव्हता. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ ते २.५ असतो, दाताचं कवच साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं आणि उघडं पडलेलं मूळ त्याहूनही आधी. आम्लाने मऊ झालेल्या पृष्ठभागावर ब्रश घासला की झीज वाढते. लिंबू सोडायला मी सांगितलं नाही. ते जेवणात कोशिंबिरीवर पिळा, सकाळी घेतलंच तर साध्या पाण्याची चूळ भरा आणि ब्रश त्याच्या आधी करा, असं सांगितलं. मऊ ब्रश, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सौम्य टूथपेस्ट. औषधी माउथवॉश तेव्हा दिला नाही, सोललेल्या जागेवर तोही झोंबला असता.

ई आणि माशाचं तेल आधी तसंच चालू ठेवायचं, दात साफ केल्यावर रक्त किती कमी होतं ते बघायचं आणि मग ते बंद करून पुन्हा मोजायचं, असा माझा विचार होता. मात्र या कॅप्सूल हृदयाच्या औषधाच्या जोडीने जात होत्या, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला: यातलं मी काहीच लिहून दिलेलं नाही, आजपासून बंद करा. रुग्णाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, आणि माझ्या मोजणीपेक्षा त्यांचा शब्द वरचा होता. त्यामुळे ई बंद होणं आणि दात साफ होणं यांत जेमतेम दोन आठवड्यांचं अंतर राहिलं.

दात त्या दोन आठवड्यांनंतर साफ केले, कारण सोललेल्या जागेवर उपकरण लावायचं नव्हतं. अ‍ॅस्पिरिन चालू होतं. गॉज दाबल्यावर रक्त काही मिनिटांत थांबलं.

आहाराचं बोलणं मात्र लांबलं. "फळ खाल्लं की साखर वाढते ना?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. एचबीए१सी ६.२ टक्के आली होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं की जेवणासोबत एक मध्यम पेरू चालेल. १०० ग्रॅम पेरूत २०० मिग्रॅच्या आसपास सी असतं; अर्ध्या पेरूतही दिवसाची गरज भागते. शिवाय रोज एक कच्ची कोशिंबीर, मोड आलेले मूग किंवा मटकी फार न शिजवता, वरून कोथिंबीर, हिवाळ्यात आवळा. मुगाला मोड आले की त्यात सी तयार होतं, कोरड्या मुगात ते जवळपास नसतं. पेरूच्या बिया दातांच्या फटींत अडकतात, आणि ५ मिमी खोली असलेल्या जागी त्या अडकणं चांगलं नाही, म्हणून फटींसाठीचा छोटा ब्रश कसा फिरवायचा तेही आरशासमोर शिकवलं.

बी-१२ कमी निघालं. गुळगुळीत जिभेचा त्याच्याशी संबंध असू शकतो. उपचार त्यांच्या डॉक्टरांनी सुरू केले. पिशवीत इतक्या डब्या होत्या, पण शरीरात ज्याची खरोखर कमतरता होती त्याची डबी त्यांत नव्हती.

परिणाम

सोललेली जागा दोन आठवड्यांच्या आत भरून आली. तुकडा काढावा लागला नाही. तिखट झोंबणं त्यासोबतच गेलं.

गार पाण्याची कळ हळू कमी झाली. पोटॅशियम नायट्रेटच्या टूथपेस्टने महिन्याभरात फरक पडला, पण ती पूर्ण गेलेली नाही. खाली सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

रक्ताचं उत्तर इतकं सरळ नाही. डाव्या बाजूकडे मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं, कारण तिथे गोळी नव्हती, तेल नव्हतं, ब्रशही आधीसारखाच चालू होता. ई बंद होऊन दोन आठवडे झाले तरी दात साफ करण्याआधी तिथलं रक्त थोडंसंच कमी झालं होतं. साफ केल्यानंतर सहा आठवड्यांनी मात्र तोंडभर मोजलं तेव्हा दहापैकी एखाद्याच जागी रक्त आलं. यावरून बराचसा वाटा कीटणाचा होता असं मी म्हणेन. पण ई चरबीत साठणारं जीवनसत्त्व आहे, ते शरीरातून उतरायला दोन आठवडे पुरत नाहीत. सहाव्या आठवड्यातल्या सुधारणेत त्याचाही हात असू शकतो. किती, ते या प्रकरणातून सांगता येत नाही.

मागच्या दोन दाढांपाशी खोली अजून ५ मिमी आहे आणि तिथे रक्त येतं. तिथे मुळांची खोल सफाई करायची आहे. हाडाची झीज आधीपासून आहे. ती पेरूने किंवा गोळी सोडल्याने भरणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अँजिओप्लास्टीनंतरच्या भेटींत किंवा औषधाच्या दुकानात कुणी तरी "वरचं काय घेता?" असं एकदा विचारलं असतं, तर ई आणि अ‍ॅस्पिरिनची जोडी दोन वर्षं चालली नसती. मी आता "औषधं कोणती?" असं न विचारता "केसांसाठी, सांध्यांसाठी, ताकदीसाठी, परदेशातून कुणी आणलेलं, काढा, चूर्ण, गमी, काय काय घेता?" असं एकेक नाव घेऊन विचारतो. उत्तरं फार वेगळी येतात.

ई बंद करून सहा-आठ आठवडे थांबून मगच दात साफ केले असते तर कॅप्सूलचा वाटा नीट मोजता आला असता. तरीही मी तसं केलं नसतं. सुजलेली हिरडी आणि काठावरची साखर एकमेकींना बिघडवतात. केवळ माझ्या माहितीसाठी कीटण दोन महिने तसंच ठेवणं रुग्णाच्या हिताचं नव्हतं. मात्र साखर नियंत्रणात आहे, अ‍ॅस्पिरिन नाही, सूज थोडीच आहे अशा रुग्णाच्या बाबतीत एका वेळी एकच बदल करून बघणं शक्य आहे, आणि तसं करावं.

आहारतज्ज्ञांची मदत आधीच घ्यायला हवी होती, निदान साखर काठावर आली तेव्हा. फळं बंद झाली की बाकीचं आयुष्यभर गोळीतून भरून काढता येईल, हा समज तिथेच दूर झाला असता.

तीन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या तेव्हा केस गळणं वाढलं होतं आणि ई सुरू करू का, असं त्या विचारत होत्या. सुरू करण्याआधी विचारलं, हे मला महत्त्वाचं वाटलं. थायरॉइड आणि लोहाची तपासणी करून घ्या, असं त्यांच्या डॉक्टरांना लिहून दिलं आहे. अहवाल येईपर्यंत हिरवी कॅप्सूल बंदच आहे. दाढांच्या सफाईची तारीख सहामाही परीक्षेनंतरची ठरली आहे.